नजर पोचेल तिथवर देऊळ

तानाह लोतला गेलेला माणूस समुद्राकडे तोंड करून उभा राहतो. बालीच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, ताबानान जिल्ह्यातल्या बेराबान गावाच्या हद्दीत, लाटांनी खालून कोरलेल्या एका काळ्या खडकावर हे देऊळ आहे. भरतीला ते किनाऱ्यापासून तुटते, ओहोटीला पायथ्यापर्यंत चालत जाता येते. कुता किंवा उबुदहून दुपारी निघालेले आठ-दहा जणांचे गट पाचच्या सुमारास कड्यावर जागा धरतात. बाली विषुववृत्ताच्या जवळ असल्याने बारा महिने सूर्य सहा ते पावणेसातच्या दरम्यान बुडतो, त्यामुळे सहलीचे वेळापत्रक कधी बदलावे लागत नाही. गवती छपरांच्या उतरंडीमागे आकाश तांबूस झाले की फोन वर होतात आणि अंधार पडायच्या आत गट वाहनतळाकडे वळतो. त्या छायाचित्रात एक बाजू कधीच येत नाही, ती म्हणजे छायाचित्र काढणाऱ्याच्या पाठीमागची जमीन. या देवळाच्या अलीकडच्या इतिहासातला सर्वांत मोठा झगडा त्या जमिनीवर झाला, आणि त्यातून एक असा कागद जन्माला आला की हिंदू देवळांबद्दल विचार करणाऱ्या कुणीही तो डोळ्यांआड करू नये. देऊळ भिंतीपाशी संपत नाही, भोवतालचे अंतरही देवळाचाच भाग आहे, आणि ते अंतर मोजायचे सर्वांत योग्य साधन माणसाची नजर आहे, असे तो कागद सांगतो. हे म्हणणे मला पूर्ण पटते. ते का पटते आणि त्यावरचे आक्षेप का टिकत नाहीत, हे मांडण्यासाठी हा लेख आहे.

देवळाची जन्मकथा थोडक्यात सांगतो, कारण ती प्रत्येक मार्गदर्शक सांगतोच. सोळाव्या शतकात जावातून आलेले शैव पुरोहित डांग ह्यांग निरर्थ गेलगेलच्या दालेम वातुरेंगोंग राजाचे धर्मगुरू झाले. किनाऱ्याने फिरताना त्यांना या खडकाचे माहात्म्य जाणवले. बेराबानच्या गावप्रमुखाने विरोध केला तेव्हा त्यांनी खडकच समुद्रात सरकवला आणि आपल्या कमरपट्ट्याचे साप करून त्यांना राखणदार नेमले, अशी कथा आहे. समोरच्या गुहेत आजही काळे-पांढरे पट्टेदार साप दाखवतात. उलुवातू, रांबुत सिवी या किनाऱ्यावरच्या देवळांशीही निरर्थांचे नाव जोडलेले आहे. समुद्रात बसूनही खडकाच्या तळाशी गोड्या पाण्याचा झरा आहे. तिथले पुजारी येणाऱ्याला ते तीर्थ देतात, कपाळाला तांदूळ लावतात, कानामागे चाफ्याचे फूल खोवतात. वरच्या पायऱ्या मात्र पूजेला आलेल्यांसाठीच असतात. तानाह लोतचा वर्धापनोत्सव बालीच्या २१० दिवसांच्या पंचांगाप्रमाणे येतो. त्या दिवसांत नैवेद्याच्या उतरंडी डोक्यावर घेतलेल्या बायकांच्या रांगा ओहोटी गाठून खडक चढतात आणि प्रेक्षक किनाऱ्यावरच थांबतात.

इथे पहिला आक्षेप येतो. हा सगळा सूर्यास्ताचा मामला पर्यटनाने उभा केला आहे, देवळाला त्याचे काय? आक्षेपात तथ्य आहे. बालीच्या दिशाविचारात पर्वताची आणि उगवतीची बाजू श्रेष्ठ, समुद्राची आणि मावळतीची कनिष्ठ. संध्याकाळी किनाऱ्यावर जो केचक नाच दाखवतात तोही या रूपात १९३०च्या दशकातला आहे. समाधी-विधीतल्या पुरुषांच्या कोरसाला रामकथेची जोड देऊन तो पाहुण्यांसमोर करण्याजोगा झाला, आणि त्यात जर्मन चित्रकार वाल्टर श्पीस आणि बेदुलुचे नर्तक वायान लिंबाक यांचा हात होता. पण बालीच्या लोकांनी हे भान कधी सोडले नाही. १९७१ साली देनपासारला खास परिसंवाद भरवून त्यांनी नृत्यांची वर्गवारी केली: देवळाच्या आतल्या अंगणातली, मधल्या अंगणातली आणि करमणुकीची. म्हणजे पाहुण्याला काय दाखवायचे आणि काय नाही, याची रेघ त्यांनी स्वतः आखली. शिवाय सायंकाळ देवळाला अगदीच परकी नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापासून बालीत रूढ झालेल्या त्रिसंध्येतली तिसरी प्रार्थना याच वेळची, आणि तिची सुरुवात गायत्री मंत्राने होते. सूर्यास्त पाहणारा शांतपणे पाहून परत जातो, दाराच्या आत जात नाही. माझ्या मते देवळाला त्याच्यापासून धोका नाही. जो सूर्यास्ताचा मालक होऊ पाहतो त्याच्यापासून धोका आहे.

आता पाठीमागच्या जमिनीकडे वळू. १९९३च्या अखेरीस बातमी फुटली की देवळापासून काही शे मीटरवर, १२१ हेक्टरांत, बाली निर्वाणा नावाचा प्रकल्प होणार आहे: पंचतारांकित हॉटेल, बंगले आणि गोल्फचे मैदान. भांडवल जाकार्ताच्या बाक्री उद्योगसमूहाचे होते आणि जमीन बरीचशी भातशेतीची. काही शेतकऱ्यांनी विकायला नकार दिला. ‘बाली पोस्ट’ या देनपासारच्या दैनिकात वाचकांची पत्रे येऊ लागली, आणि ती पत्रेच या लढ्याचा कणा ठरली. प्राध्यापक, पुरोहित, विद्यार्थी, साधे कारकून त्यांत लिहीत होते. हा काळ सुहार्तोंच्या राजवटीचा आहे हे लक्षात ठेवले पाहिजे. सरकारविरुद्ध उघड बोलणे जोखमीचे होते, आणि पुढच्याच वर्षी, १९९४च्या जूनमध्ये, ‘तेंपो’सह तीन नियतकालिकांवर बंदी आली. जमीन, पाणी, भांडवल यांबद्दल बोलता येत नव्हते तेव्हा लोक धर्माबद्दल बोलले. मानववंशशास्त्रज्ञ कॅरोल वॉरेन यांनी या प्रकरणाचा बारकाईने अभ्यास केला आहे, आणि धर्माची भाषा ही तेव्हा मोकळी उरलेली जवळजवळ एकमेव भाषा होती, हे त्यातून स्पष्ट दिसते. जानेवारी १९९४ मध्ये विद्यार्थी प्रांतिक विधिमंडळासमोर जमले आणि सैनिकांनी त्यांना बळाने पांगवले. त्याच महिन्यात, २५ जानेवारीला, इंडोनेशियातल्या हिंदूंची सर्वोच्च संस्था असलेल्या ‘पारिसाद हिंदू धर्म’ने एक धर्माज्ञा काढली. बालीत अशा आज्ञेला ‘भिसामा’ म्हणतात.

पारिसाद १९५९ साली देनपासारला स्थापन झाली. बालीच्या धर्माला सरकारदरबारी मान्यता मिळवायच्या धडपडीतून ती उभी राहिली होती. बहुसंख्य मुस्लिम देशात सरकारशी जुळवून घेतच तिला राहावे लागले, आणि तिच्याकडून लढाऊ भूमिकेची अपेक्षा फारशी कुणी करत नसे. म्हणूनच या भिसामाचे मोल मोठे आहे. पर्वत, सरोवरे, नद्यांचे संगम, किनारे आणि समुद्र ही मुळातच पवित्र स्थळे आहेत आणि देवळे सहसा अशाच जागी बांधली जातात, हे तिच्यात आधी सांगितले आहे. पंढरी आणि नाशिकच्या वाचकाला यात नवे काही वाटणार नाही. नवे आहे ते पुढचे. प्रत्येक देवळाभोवती एक राखलेले क्षेत्र असते आणि त्याची तीन मापे आहेत: नजर पोचेल तेवढे, दगड फेकला तर पडेल तेवढे, आणि कुंपणापुरते. सहा प्रमुख देवळांसाठी मोठी नजर, म्हणजे किमान ५ किलोमीटर. एखाद्या पुण्यपुरुषाशी जोडलेल्या देवळांसाठी लहान नजर, किमान २ किलोमीटर. गावोगावच्या देवळांसाठी दगडफेकीचे अंतर किंवा कुंपण. निरर्थांशी जोडलेले तानाह लोत दुसऱ्या वर्गात बसते. आणि या क्षेत्रात काय बांधायला हरकत नाही? धर्मशाळा, विद्यार्थ्यांचे आश्रम, तीर्थयात्रेला आणि प्रवचनाला आलेल्यांच्या सोयी. धर्मशाळा आणि तीर्थयात्रा हे दोन्ही शब्द मूळ इंडोनेशियन मसुद्यात जवळजवळ याच रूपात आहेत. हॉटेल आणि गोल्फचे मैदान यांची नावे घ्यायची गरजच उरत नाही.

यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते मापाचे साधन. सरकारी कायदा अंतर मोजतो तेव्हा फीत लावतो, कारण फितीशी भांडता येत नाही. भिसामाने डोळ्याला प्रमाण मानले, कारण पूजेला आलेल्या माणसाला देऊळ डोळ्यांनीच आधी भेटते. लांबून दिसणारे छप्पर, त्यामागचे पाणी, वाटेतली शेते, हे सगळे ओलांडत तो दाराशी येतो आणि येईपर्यंत त्याचे मन तयार होते. ते मधले अंतर काढून घेतले तर देऊळ जागेवर राहूनही उणे होते. आणि प्रकल्पवाल्यांनाही नेमके हेच ठाऊक होते. निर्वाणाच्या गोल्फ मैदानाची ख्यातीच अशी होती की कड्यावरून, समुद्राच्या पलीकडे, देऊळ दिसायचे. दोन्ही बाजूंना हवी होती ती एकच गोष्ट: ते दर्शन. एका बाजूने ते सगळ्यांसाठी मोकळे राहावे म्हटले, दुसऱ्या बाजूने ते खोलीच्या भाड्यात मिळवले. म्हणून हा वाद श्रद्धा विरुद्ध विकास असा मांडणे मला चुकीचे वाटते. वाद मालकीचा होता.

भिसामावरचा विद्वानांचा आक्षेप असा की हे किलोमीटर कुठल्या ताडपत्रावर लिहिलेले होते? समितीने १९९४ साली ठरवलेले आकडे प्राचीन परंपरेच्या नावाने खपवले गेले. आकडे नवे आहेत हे मान्यच करायला हवे. पण धर्मशास्त्र नेहमी असेच वाढले आहे. नवा प्रश्न आला की जुन्या मापाला नवा अर्थ द्यावा लागतो. गोल्फचे मैदान हा प्रश्न निरर्थांच्या काळात नव्हता. दुसरा आक्षेप खडकाचा. १९८०च्या दशकापासून लाटांनी खडक ढासळू लागला, जपानच्या कर्जातून तो सावरण्यात आला, आणि आज दिसणाऱ्या कातळाचा बराच भाग माणसाने घडवलेला आहे. मग एवढ्या कृत्रिम जागेचे पावित्र्य ते कसले, असे विचारले जाते. उलट मी म्हणेन, खडक नव्याने घडवता येतो हे सिद्ध झाल्यामुळेच अंतराची किंमत वाढते. सिमेंटने कातळ उभा करता येतो, पण शेतजमिनीवर एकदा चढलेले काँक्रीट पुन्हा शेत होत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे आणि तो गरिबांचा आहे. उलुवातू हे सहा प्रमुख देवळांपैकी एक. त्याच्याभोवती ५ किलोमीटरचे वर्तुळ काढले की पेचातू गावाची बहुतेक जमीन त्यात सापडते. २००९ साली प्रांताच्या जमीनवापर आराखड्याच्या १६ क्रमांकाच्या नियमात भिसामाची अंतरे उतरली तेव्हा पेचातूच्या लोकांनी जोरदार विरोध केला. चुनखडीच्या कोरड्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या हाल काढलेल्या लोकांना पर्यटनामुळे पहिल्यांदा चार पैसे दिसत होते. त्यांना पावित्र्याचे धडे देण्याचा अधिकार दुसऱ्या कुणाला नाही. पण त्यांच्यावरचा अन्याय नजरेच्या मापाने केला की आकड्याने? चढउताराच्या माळावर पाच किलोमीटरांतल्या कित्येक जागा देवळावरून दिसतच नाहीत. नजरेचे माप लावले असते तर टेकडीआडचा शेतकरी सुटला असता आणि कड्याच्या टोकावरचे हॉटेल अडकले असते. सपाट वर्तुळाने दोघांना एकाच मापात मोजले. कायद्याला आकडा सोपा पडतो म्हणून तो घेतला गेला, आणि मूळ आज्ञेतले शहाणपण तेवढे निसटले.

आणि निर्वाणाचे काय झाले? गव्हर्नर इदा बागुस ओका यांनी काम काही काळ थांबवले, पर्यावरणाचा अहवाल आला, अटी घातल्या गेल्या आणि बांधकाम पुन्हा सुरू झाले. ग्रेग नॉर्मनने आखलेल्या गोल्फ मैदानासह प्रकल्प १९९७ साली उघडला. भिसामा तेव्हा हरली, यात शंका नाही. मात्र पंधरा वर्षांनी तीच प्रांताच्या कायद्यात गेली, आणि बालीत त्यानंतर जिथे जिथे देवळाजवळ मोठे बांधकाम निघाले तिथे तिथे तिचा हवाला देऊन भांडता आले. प्रकल्पाच्या आधी कागद असता तर काय झाले असते, एवढाच प्रश्न उरतो.

तो प्रश्न आपल्या किनाऱ्यालाही लागू आहे. आपल्याकडे केंद्राच्या संरक्षित स्मारकांभोवती १०० मीटर बांधकामबंदी आणि पुढे २०० मीटर नियंत्रण आहे. महाबलीपुरमच्या किनाऱ्यावरच्या देवळाला त्याचा आधार मिळतो. किनारा नियमन क्षेत्राचे नियम भरतीरेषेपासून मोजतात, देवळापासून मोजत नाहीत. कुणकेश्वर, हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे या देवळांचे दर्शन समुद्राशिवाय पुरे होत नाही. संध्याकाळी तिथेही गट येतात, तिथेही जमिनीचे भाव चढत आहेत. त्या गावांच्या देवस्थान समित्यांना आणि ग्रामसभांना माझी विनंती आहे: देऊळ कुठून कुठून दिसते ते गावातल्या जुन्या माणसांना घेऊन चालत पाहा, त्या जागा गटक्रमांकांसह लिहून काढा, टेकडीआडच्या शेतकऱ्याला वगळा, आणि तसा ठराव करून ठेवा. गावात पहिला मोठा नकाशा मंजुरीला येण्याच्या आधी करा.