दोन जाधव आणि एक फोन

रात्रीचे साडेअकरा. पान सोडायला जेमतेम १५ मिनिटं. हायवेवरच्या अपघाताची बातमी मी पटापट टाइप केली आणि घरी जाऊन मस्त झोपले. डेडलाइन गाठली होती ना!

सकाळी ऑफिसात फोन. "मॅडम, माझ्या मुलाचं नाव मृतांत छापलंय तुम्ही. तो इथं वॉर्डात चहा पितोय." आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच पुढचं वाक्य जास्त लागलं. "गावाहून माणसं निघालीत हो. त्यांना काय सांगू?"

अपघातात जाधव दोन होते. एक गेला, एक वाचला. मी फक्त आडनाव पाहिलं. दुसऱ्या दिवशी चार ओळींचा खुलासा छापून आला, पण त्या घरातली ती सकाळ काही परत घेता आली नाही.

तेव्हापासून काही सवयी लावून घेतल्या. त्या तुमच्याही कामाच्या आहेत. सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसच्या न्यूजलेटरमध्ये आता बातमी तुम्हीही देताच की!

नाव वाचून दाखवा : पूर्ण नाव, वय, गाव लिहून घ्या आणि समोरच्याला मोठ्यानं वाचून दाखवा. ३० सेकंदांचं काम. 'सुनील की सुशील?' विचारायला लाजू नका.

'तुम्हाला कसं कळलं?' : हा माझा सगळ्यात लाडका प्रश्न. 'मी पाहिलं' आणि 'सगळे म्हणतायत' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि तिघांनी एकाच माणसाकडून ऐकलं असेल, तर ते तीन सोर्स नव्हेत, एकच!

आकडा तपासा : दर २ वरून ४ टक्क्यांवर गेला, तर '२ टक्के वाढ' लिहू नका. तो दुप्पट झालाय. सरळ '२ वरून ४ टक्के' लिहा.

कागद मागा : सरकारी कामाबद्दल तोंडी माहितीवर अडून राहू नका. २००५चा माहिती अधिकार कायदा फक्त पत्रकारांसाठी नाही. कुणीही नागरिक अर्ज करू शकतो. फी साधारण १० रुपये, उत्तराची मुदत सहसा ३० दिवस.

शेवटी गप्प बसा : 'माझं काही विचारायचं राहिलं का?' एवढं विचारा आणि वही मिटू नका. खरी बातमी बऱ्याचदा त्यानंतरच्या शांततेत मिळते.

आणि चूक झालीच, तर? जिथं चुकलात तिथंच, स्पष्ट शब्दांत दुरुस्त करा. गुपचूप डिलीट करून भागत नाही, कारण तोवर ती बातमी पुढं गेलेली असते.

डेडलाइन मला आजही धाप लावते. पण पान सोडण्याआधी एक फोन मी करतेच. पलीकडून कुणीतरी वैतागून म्हणतं, "अहो, किती वेळा विचारणार?"

विचारते बापडी. सकाळी येणाऱ्या त्या दुसऱ्या फोनपेक्षा हे वैतागणं परवडलं.