‘नो सिग्नल’ म्हणजे मॉनिटर गेला असं नाही! डॉकला जोडलेल्या लॅपटॉपचा दुसरा स्क्रीन असा सुरू करा

जैनथ (जि. आदिलाबाद) : महिन्याची २० तारीख जवळ आली की दर महिन्याला जीएसटीचे ३बी रिटर्न भरणाऱ्यांची धांदल उडते. एका स्क्रीनवर टॅलीतला हिशोब आणि दुसऱ्यावर जीएसटीचे पोर्टल उघडे असले की आकडे जुळवणे सोपे जाते. म्हणूनच कापूस व्यापाऱ्यांचे हिशोबनीस, मी-सेवा केंद्रवाले आणि घरी बसून हैदराबाद-पुण्याच्या कंपन्यांचे काम करणारी मुले लॅपटॉपला वेगळा मॉनिटर जोडतात. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ-चंद्रपूरकडच्या आपले सरकार केंद्रांतही गरज तीच.

अडचण अशी की, नव्या पातळ लॅपटॉपला जागा एक-दोनच. मग चार्जर, माऊस, कीबोर्ड, इंटरनेटची वायर आणि मॉनिटर हे सगळे एकाच वायरीवर आणणारा डबा, म्हणजे डॉक, घेतला जातो. वायर खुपसली की माऊस चालतो, चार्जिंगही सुरू होते, पण मॉनिटरवर मात्र ‘नो सिग्नल’. मग कोणी मॉनिटर बिघडला म्हणून आदिलाबादला नेतो, कोणी लॅपटॉप उघडायला देतो, तर कोणी थेट नवाच मॉनिटर आणतो. पुष्कळदा यातले काहीच बिघडलेले नसते. ‘नो सिग्नल’ या अक्षरांचा अर्थ एवढाच, की मॉनिटर जिवंत आहे आणि चित्र त्याच्यापर्यंत पोहोचलेले नाही.

तोंड सारखे, काम वेगळे

यूएसबीचे पहिले मानक १९९६ मध्ये आले. ते घडवणाऱ्यांतले एक प्रमुख नाव म्हणजे अजय भट्ट. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले. सध्याचे टाइप-सी, म्हणजे उलटे-सुलटे कसेही बसणारे लंबगोल तोंड, २०१४ मध्ये जाहीर झाले. घोळ इथूनच सुरू होतो. टाइप-सी हे फक्त तोंडाच्या आकाराचे नाव आहे. त्यातून चार्जिंग, डेटा आणि चित्र हे तिन्ही जाऊ शकतात, पण तिन्ही जातीलच असे नाही.

डॉकपर्यंत चित्र तीन वाटांनी येते.

पहिली वाट डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोडची. यात लॅपटॉपचे ग्राफिक्स टाइप-सीमधून सरळ बाहेर पडते. लॅपटॉपच्या त्या पोर्टमध्ये ही सोय नसेल, तर या प्रकारचा डॉक कितीही महागाचा आणला तरी चित्र येणार नाही.

दुसरी वाट थंडरबोल्टची. तोंड तेच, पण वेग जास्त. असे पोर्ट असेल तर चित्राची अडचण सहसा येत नाही.

तिसरी वाट डिस्प्लेलिंकची. यात चित्र दाबून, साध्या डेटासारखे यूएसबीतून पाठवतात आणि डॉकमधली चिप ते पुन्हा उलगडते. जुन्या चौकोनी यूएसबीवरही हे चालते, पण त्यासाठी ड्रायव्हर टाकावा लागतो. मॅकवर तर ‘स्क्रीन रेकॉर्डिंग’ची परवानगीही द्यावी लागते. लॅपटॉप कंपनीचा असेल तर कंपनीच्या आयटी विभागाकडूनच ड्रायव्हर टाकून घ्यावा.

आपल्या पोर्टमध्ये चित्राची सोय आहे का, हे ओळखायला पोर्टशेजारची खूण बघा. थंडरबोल्टला बाण असलेली वीज असते, डिस्प्लेपोर्टला ‘डी’ आणि ‘पी’ एकत्र गुंफलेले चिन्ह असते. पण सगळ्याच कंपन्या खूण छापत नाहीत. म्हणून मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या संकेतस्थळावरची माहिती वाचा. टाइप-सी पोर्टच्या ओळीत ‘डिस्प्लेपोर्ट’ किंवा ‘थंडरबोल्ट’ हा शब्द असेल तर काम होते. नसेल तर आपल्यासाठी डिस्प्लेलिंकचाच डॉक.

तपासणी : आधी फुकटाची, मग खर्चाची

१. मॉनिटरचे बटण दाबून इनपुट बघा. वायर दुसऱ्या एचडीएमआयमध्ये आणि मॉनिटर पहिल्यावर, असे असेल तर चित्र कसे येणार?

२. लॅपटॉपवर विंडोजचे बटण आणि पी एकत्र दाबा. ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ निवडलेले असेल तर ‘एक्स्टेंड’ करा. दोन्हीकडे सारखेच चित्र हवे असेल तर ‘डुप्लिकेट’.

३. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले उघडा. तिथे दुसरा मॉनिटर दिसत असेल तर वायर ठीक आहे, गडबड सेटिंगमध्ये आहे. ‘डिटेक्ट’ दाबूनही दिसत नसेल, तर वायर, डॉक किंवा पोर्टकडे वळा. पुढची सगळी दिशा याच एका पायरीवर ठरते.

४. डॉकला वेगळा अडॅप्टर असेल तर तो काढा, लॅपटॉपची वायरही काढा. अर्धा मिनिट थांबा. आधी अडॅप्टर, मग मॉनिटर, शेवटी लॅपटॉप असे परत जोडा. वीज गेली-आली की डॉक अर्धवट जागा होतो, तेव्हा एवढ्यानेही काम भागते.

५. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबा. स्क्रीन क्षणभर काळा होतो आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडलेले काम जात नाही.

६. वायर बदला. मोबाइलच्या चार्जरसोबत आलेली टाइप-सी वायर दिसायला तशीच असते, पण बहुतेक अशा वायरीत चित्र नेणाऱ्या वेगवान तारा नसतातच. ती लावली की चार्जिंग होते, माऊस चालतो आणि मॉनिटर काळाच राहतो. डॉकसोबत आलेली वायरच वापरा.

७. घरातला टीव्ही कामाला घ्या. मॉनिटरला एचडीएमआय असेल तर त्याला सेट-टॉप बॉक्स लावा. चित्र आले तर मॉनिटर चांगला आहे. डॉक टीव्हीला लावून बघा. लॅपटॉपला स्वतःचे एचडीएमआय असेल तर डॉक वगळून सरळ मॉनिटरला जोडा. चित्र आले तर गडबड डॉकच्या बाजूला आहे.

जुना मॉनिटर असेल तर

निळ्या तोंडाची, पंधरा पिनांची व्हीजीए वायर १९८७ पासूनची. ती लागणारे मॉनिटर अजून कितीतरी दुकानांत चालू आहेत आणि टाकून द्यायची गरज नाही. फक्त कन्व्हर्टर योग्य दिशेचा हवा. ‘एचडीएमआय ते व्हीजीए’ आणि ‘व्हीजीए ते एचडीएमआय’ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआयची साधी वायरसुद्धा एकाच दिशेने चालते.

चित्र आले, पण...

मोठ्या फोर-के मॉनिटरवर माऊस अडखळत असेल तर ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये रिफ्रेश रेट बघा. एचडीएमआय १.४ वर फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते. ६० साठी एचडीएमआय २.० लागते आणि ती डॉक, वायर, मॉनिटर तिन्हीत हवी.

झाकण लावले की सगळेच बंद पडते? कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण लावल्यावर ‘डू नथिंग’ असे निवडा. मॅकबुक झाकण लावून वापरायचे तर चार्जिंग, कीबोर्ड आणि माऊस जोडलेले हवेत.

दोन मॉनिटर लावायचे असतील तर मॅकवाल्यांनी जास्त जपावे. एम१ आणि एम२ चिपच्या मॅकबुक एअरला मुळात एकच बाहेरचा मॉनिटर चालतो. दुसरा हवा तर डिस्प्लेलिंकचाच डॉक घ्यावा लागतो.

खरेदी करताना

दुकानात जाताना आपला लॅपटॉप सोबत न्या आणि डॉक जोडून चित्र दिसल्यावरच पैसे द्या. ‘टाइप-सी आहे ना, चालते’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका. ऑनलाइन घेताना परत करण्याची मुदत बघा.

सीमेपलीकडून खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्यांनी बिलाकडेही लक्ष द्यावे. तेलंगणाचा जीएसटी नंबर ३६ ने सुरू होतो, महाराष्ट्राचा २७ ने. आदिलाबादच्या व्यापाऱ्याने नागपुरात डॉक घेतला आणि बिलात महाराष्ट्राचा सीजीएसटी-एसजीएसटी लागला, तर त्या कराचे क्रेडिट तेलंगणात मिळत नाही. म्हणून बिल बनण्याआधीच आपला नंबर द्यावा आणि आयजीएसटी कसा लागेल ते दुकानदाराशी बोलून घ्यावे.

आणि हे सगळे जोडून बघायचे ते महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. १९ तारखेच्या रात्री नवा डबा खोलून बसलात, तर रिटर्न राहील बाजूला आणि लेट फी बसेल.