जाहिरातीच्या पेढींतील उमेदवारी

उमेदवारी हा शब्द आपल्या भाषेंत जुना आहे. पूर्वीं मामलेदार कचेरींत किंवा वकिलाच्या घरीं एखादा तरुण कांहीं महिने बिनपगारी बसे. नकला करी, दप्तरें लावी, जुन्या कारकुनाच्या हाताखालीं कामाची रीत शिके, आणि जागा रिकामी झाली म्हणजे त्याचा विचार होई. आतां तोच प्रकार 'इंटर्नशिप' या नांवानें महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमांत आला आहे. मात्र कचेरीच्या जागीं पुष्कळदां मार्केटिंगची एजन्सी, म्हणजे मालाची प्रसिद्धि व विक्री कशी वाढवावी हें ठरवून देणारी पेढी, असते. पदवीच्या वर्गांतील मुलीनें वा मुलानें अशा पेढींत जावें कीं नाहीं, आणि गेल्यास त्यापासून विद्या किती मिळते, हा प्रश्न आमच्या कल्याणांतील सुशिक्षित घरांतून हल्लीं वारंवार निघतो. त्याचा थोडा विस्तारानें विचार करावा, असा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम व्यवस्था काय आहे तें पाहूं. सन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें पदवीच्या शिक्षणांत प्रत्यक्ष कामाच्या अनुभवास स्थान दिलें. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या हिशेबानें अशा कामाचे ३० तास म्हणजे एक श्रेयांक. अर्थात् चार श्रेयांकांस १२० तास भरावे लागतात. रोज सहा तास धरल्यास हे वीस दिवस होतात. इतक्या अल्प काळांत कोणी धंद्यांत निपुण होत नाहीं, हें उघड आहे. परंतु अनोळखी वरिष्ठ, वेळेचें बंधन आणि दुसऱ्याच्या पैशानें चालणारें काम यांचा पहिला परिचय होण्यास तेवढे दिवस पुरतात. आणि पहिल्या परिचयांत जी संवय लागते ती पुढें फार काळ टिकते. म्हणूनच ही गोष्ट क्षुल्लक समजून सोडून देण्यासारखी नाहीं.

आमच्या वर्गांतील वडील मंडळींचा पहिला आक्षेप असा असतो, कीं जाहिरात हें विद्वानाचें काम नव्हे. हा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. ज्या कल्याणांत आपण राहतों तें मुळांत बंदर; कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत ज्यांच्या दानाची नोंद आहे, त्यांत कल्याणचे व्यापारीहि आहेत. मुंबईस गिरगांवांत सन १९०५ मध्यें बी. दत्ताराम आणि कंपनी ही जाहिरातीची पेढी निघाली. ती या देशांतील अतिशय जुन्या पेढ्यांत गणली जाते. मराठी घरांस तर याहूनहि जवळचें उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर केला, तेव्हां लोखंडानें जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि आरंभींचे नांगर खपण्यास फार दिवस लागले. त्यांचे पुतणे शंकरराव हे चित्रकलेचे विद्यार्थी. वेदांचे अभ्यासक म्हणून पुढें प्रसिद्ध झालेले पंडित सातवळेकर यांच्यापाशीं लाहोरास ते चित्रें काढावयास शिकले होते. त्यांनीं कारखान्याच्या जाहिरातीचें काम अंगावर घेतलें आणि सन १९२० मध्यें 'किर्लोस्कर खबर' हें पत्र काढलें. त्या छोट्या पत्राचेंच पुढें 'किर्लोस्कर' मासिक झालें; १९३० मध्यें 'स्त्री' आणि १९३४ मध्यें 'मनोहर' हीं त्याचीं भावंडें निघालीं. ज्या मासिकांवर आपल्या घरांतील पिढ्या वाढल्या, त्यांचें मूळ एका कारखान्याच्या मालाच्या जाहिरातींत आहे, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे या धंद्यास नाक मुरडण्याचें कारण उरत नाहीं. मात्र एक गोष्ट विसरूं नये. शंकररावांचें वास्तव्य किर्लोस्करवाडींत होतें. ज्या मालाविषयीं ते लिहीत, तो त्यांच्या डोळ्यांदेखत तयार होत असे.

आतां पेढींत शिकावयास काय मिळतें? कारखानदार आपली गरज सांगतो, ती नीट लिहून घेतात. मग माल कोण घेतो, कां घेतो, कोठें घेतो, याची चौकशी होते. त्यानंतर मजकूर व चित्र तयार करणें, तें कोणत्या वर्तमानपत्रांत किंवा मोबाईलवरील कोणत्या माध्यमांत किती खर्चानें द्यावें याचा तक्ता मांडणें, आणि शेवटीं किती लोकांनीं पाहिलें व किती जणांनीं विचारणा केली याचा हिशेब ठेवणें, अशीं कामें असतात. मराठी मजकूर तर पुष्कळ ठिकाणीं इंग्रजीवरून शब्दशः उतरवितात, आणि वाचतांना दांताखालीं खडा येतो. ज्या मुलांचें मराठी चांगलें आहे, त्यांना येथें खरोखर काम आहे.

परंतु या कामाला एक दुसरीहि बाजू आहे, ती एका उदाहरणानें स्पष्ट होईल. पारनाक्याजवळील आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांतील मुलगी मुंबईच्या अशाच एका पेढींत उमेदवारीस गेली होती. चौथ्या दिवशीं तिच्यापुढें काम आलें तें असें: एका केशतेलाविषयीं वीस अभिप्राय लिहावयाचे; प्रत्येक अभिप्राय निराळ्या बाईच्या नांवानें, कोणी नाशिकची, कोणी साताऱ्याची, आणि त्या तेलानें प्रत्येकीचे केस गळावयाचे थांबलेले. तेल तिनें पाहिलेंहि नव्हतें. रात्रीं घरीं तिनें ही गोष्ट काढली. काका म्हणाले, "अगं, सगळीकडे असंच चालतं. वीस दिवसांचा तर प्रश्न. प्रमाणपत्र घे आणि मोकळी हो." आई म्हणाली, "उद्यांपासून जाऊंच नको." आजोबांनीं मात्र एवढेंच विचारलें, "त्या अभिप्रायाखालीं नांव तुझं असणार का गं?" ती म्हणाली, "नाहीं आजोबा, माझं नांव कुठेंच नाहीं." "मग हा अनुभव कुणाचा?" या प्रश्नावर घरांत कोणीच कांहीं बोललें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं तिनें वरिष्ठास नम्रपणें सांगितलें, कीं तेलाची जाहिरात सांगाल तशी लिहितें, पण नसलेल्या बायकांच्या नांवानें अभिप्राय लिहिणार नाहीं. तो रागावला नाहीं. तें काम त्यानें दुसऱ्या कोणास दिलें, आणि हिला आठवडाभर चित्रांस अनुक्रमांक घालण्याचें व तक्ते भरण्याचें नीरस काम मिळालें. पुढें मसाले करणाऱ्या एका लहान कारखानदारासाठीं गिऱ्हाइकांची चौकशी करावयाची निघाली, तेव्हां ती तिच्याकडे आली. कल्याणच्या शिवाजी चौकाजवळील बाजारांत तीन सायंकाळीं उभी राहून तिनें बायकांना विचारलें. वयस्क बायकांची तक्रार एकच होती: पाकिटावरचीं अक्षरें इतकीं बारीक कीं आंत काय आहे आणि तें किती तारखेपर्यंत चांगलें, हें चष्मा लावूनहि वाचतां येत नाहीं. तिनें तें स्वच्छ मराठींत एका पानावर लिहून दिलें, आणि कारखानदारानें पुढच्या छपाईंत अक्षरें मोठीं केलीं. तिच्या प्रमाणपत्रावर यांतलें कांहींच नाहीं. इतरांप्रमाणेंच एक ओळ आहे. पण या धंद्यांत शिकण्यासारखें जें आहे तें तिला त्या तीन सायंकाळींच मिळालें, असें आम्हांस वाटतें.

तिच्या नकाराच्या बाजूनें कायदा व नियमहि आहेत, हें पुष्कळ घरांतून ठाऊक नसतें. सन २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण निर्माण झालें. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकास, आणि मालाची भलावण करणारासहि, १० लाख रुपयांपर्यंत व पुन्हां तोच अपराध केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार त्यास आहे. भारतीय मानक ब्यूरोनें नोव्हेंबर २०२२ मध्यें ग्राहकांच्या ऑनलाईन अभिप्रायांकरितां आयएस १९००० हें मानक प्रसिद्ध केलें. विकत घेतलेले किंवा त्याच कामासाठीं नेमलेल्या माणसांकडून लिहवून घेतलेले अभिप्राय छापूं नयेत, असा त्याचा आशय आहे. आरंभीं तें ऐच्छिक ठेविलें होतें. खुद्द जाहिरातवाल्यांनीं १९८५ सालीं स्थापन केलेल्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया या संस्थेच्या नियमांतहि प्रामाणिकपणा हें तत्त्व आहे. म्हणजे खोटा अभिप्राय नाकारणारी मुलगी धंद्याच्याच नियमांप्रमाणें वागते.

दुसरी गोष्ट पैशाची. कल्याणास आगगाडी १८५४ सालीं आली, आणि तेव्हांपासून मुंबई आपल्या गांवास जोडली गेली. तरी सुमारें ५४ किलोमीटरांचा तो प्रवास लोकलच्या गर्दींत दोन वेळां करावा लागतो. विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास घरापासून महाविद्यालयापर्यंतचा असतो. पेढीकडे जाण्याचा खर्च घरासच सोसावा लागतो. वीस दिवस कोणी मनापासून शिकवीत असेल, तर हा खर्च विद्येचा म्हणून आनंदानें करावा. पण सहा सहा महिने पूर्ण वेळ राबवून घेऊन 'अनुभव मिळतो' एवढ्यावर बोळवण करणें, ही उमेदवारी नव्हे, वेठ आहे. महाराष्ट्र शासनानें २०२४ सालीं जाहीर केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेंत बारावी उत्तीर्णास ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये मासिक विद्यावेतन ठरविलें. शिकाऊ माणसाच्या श्रमासहि मोल आहे, हें सरकारनें मान्य केलें. मग खाजगी पेढीकडे त्याविषयीं विचारणा करण्यांत संकोच कसला?

म्हणून घरांतील वडील मंडळींस आमचें सांगणें इतकेंच आहे. मूल पेढींत जाण्यापूर्वीं तीन गोष्टी विचारून घ्याव्या: शिकविणार कोण, कामाचे तास व स्वरूप लेखी मिळेल काय, आणि अडचण आल्यास महाविद्यालयांतील कोणत्या प्राध्यापकाकडे जावें. नंतर रोज रात्रीं, उलटतपासणी न करतां, आज काय लिहिलें, काय पाहिलें, याची सहज चौकशी ठेवावी. ज्या घरांत अशी चौकशी होते, तेथील मूल खटकलेली गोष्ट मनांत दडवीत नाहीं. आणि एकत्र कुटुंबाचा याहून मोठा उपयोग आजच्या काळीं तरी आम्हांस दिसत नाहीं. प्रमाणपत्रासाठीं घाई करूं नये आणि पहिल्याच अडचणीस घाबरून मुलीस घरींहि बसवूं नये. नको तें काम नाकारून उरलेलें काम चोख करणें, हेंच शिकावयाचें असतें.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लींत वेदाध्ययन पुरें झाल्यावर आचार्य शिष्यास जो उपदेश करतात, त्यांत पहिली आज्ञा सत्य बोलण्याची आहे. वाचकांनीं पाहावें, कीं विद्या शिकवून झाल्यानंतर, शिष्य संसारांत व जगाच्या व्यवहारांत शिरण्याच्या वेळीं, आचार्यांस हें पुन्हां सांगावेंसें वाटलें. आपलीं मुलें आज वीस दिवसांपुरतीं कां होईना, त्याच व्यवहाराच्या दाराशीं जातात. त्यांना हें सांगण्याचें काम आतां घराकडे आलें आहे.