साखर आटोक्यात आहे, मग कोलेस्टेरॉलची गोळी कशाला?

दसरा सरला की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या वाटेला लागतात. पुढचे कित्येक महिने मुक्काम फडावर. घरातल्या कुणाला मधुमेह असेल तर भांडीकुंडी, पीठमीठ यांबरोबर गोळ्याही बांधून न्याव्या लागतात. साखरेची गोळी आठवणीने घेतली जाते. कोलेस्टेरॉलची सहज मागे राहू शकते. साखर तर बरी आहे, अंगावर मांस नाही, दिवसभर मोळ्या वाहायच्या, मग रक्तात चरबी येणार कुठून? हिशेब सरळ वाटतो, पण तो चुकतो.

इन्सुलिन फक्त साखरेचे काम पाहत नाही. शरीरातल्या चरबीच्या साठ्याला कुलूप लावून ठेवणेही त्याच्याकडेच असते. टाइप २ मधुमेहात शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही आणि हे कुलूप सैल पडते. साठ्यातली मेदाम्ले रक्तात सुटतात, यकृत त्यांपासून ट्रायग्लिसराइड बनवून पुन्हा रक्तात सोडते, ‘चांगले’ म्हणवणारे एचडीएल घटते. ‘वाईट’ एलडीएलचा आकडा अहवालात अनेकदा साधारणच दिसतो; पण त्याचे कण लहान आणि दाट झालेले असतात आणि ते रक्तवाहिन्यांच्या अस्तरात शिरून बसतात.

साखर उतरली की ट्रायग्लिसराइडही बहुधा उतरते. एलडीएल मात्र तिच्या मागोमाग फारसे खाली येत नाही. मधुमेहींना झटका आणि पक्षाघात यांचा धोका इतरांपेक्षा जास्त, म्हणून त्यांचे एलडीएल साधारणतः १०० च्या आत आणि धोका अधिक असेल तर ७० च्याही खाली ठेवायला सांगतात. इतरांना चालणारा आकडा त्यांना चालत नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या २,८३८ मधुमेहींवर झालेला ‘कार्ड्स’ हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना आधी हृदयविकार नव्हता, एलडीएलही फार चढलेले नव्हते. तरीही रोज १० मिलिग्रॅम अटोर्वास्टॅटिन घेणाऱ्यांत झटका, पक्षाघात यांसारख्या घटना ३७ टक्क्यांनी कमी झाल्या. फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्यापेक्षा दोन वर्षे आधीच थांबवला गेला.

राहिला सडपातळ अंगाचा भरवसा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचेही २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२. भारतीय माणूस दिसायला बारीक आणि आतून मेदयुक्त असू शकतो, हे त्या एका फोटोने जगाला दाखवले.

स्टॅटिनने साखर किंचित वाढू शकते, हे खरे. मधुमेहींत त्यापेक्षा फायदा मोठा ठरतो. अंगदुखीची तक्रारही होते. फडावर अंग कुणाचे दुखत नाही, हा भाग वेगळा! पण नेहमीपेक्षा निराळी, जोराची दुखी आणि गडद रंगाची लघवी दिसली तर लगेच डॉक्टर गाठावा. दिवस गेलेल्या किंवा जाण्याची शक्यता असलेल्या बाईने डॉक्टरांना तसे सांगितल्याशिवाय ही गोळी घेऊ नये.

गावाबाहेर पडण्याआधी एचबीए१सीबरोबर लिपिड तपासणीही उरकता येते. त्यासाठी एरवी उपाशी राहावे लागत नाही. ट्रायग्लिसराइड फार वाढलेले निघाले तरच ती उपाशीपोटी पुन्हा करायला सांगतात. चिठ्ठीची एक प्रत सोबत असली की कारखान्याच्या गावातल्या दुकानातही त्याच गोळ्या मिळू शकतात.