भेके, राहुल
भेके, राहुल : (६ डिसेंबर १९९० –    ). भारतीय फुटबॉलपटू व राष्ट्रीय संघातील बचावपटू. जन्म मुंबई येथे. बचावफळीच्या उजव्या बाजूस तसेच मध्यभागी, अशा दोन्ही जागी तो खेळत आला आहे.

अमेरिकेत विद्यापीठांचे संघ हा व्यावसायिक फुटबॉलकडे जाण्याचा एक रूढ मार्ग असून तेथे काही तरुण आंतरराष्ट्रीय खेळाडू शिक्षण घेत असतानाच खेळतात. भारतात खेळाडूची जडणघडण मुख्यत्वे क्लबांमधून होते. भेकेची कारकीर्द याच वाटेने घडली. मुंबई एफसी या संघानंतर तो कोलकात्याच्या ईस्ट बंगाल संघात गेला. इंडियन सुपर लीग स्पर्धेत २०१५ साली केरळ ब्लास्टर्स व २०१६ साली एफसी पुणे सिटी या संघांकडून खेळल्यानंतर २०१७ मध्ये तो बंगळूरु एफसीत दाखल झाला.

बचावपटूचे काम प्रतिपक्षाचे गोल रोखण्याचे. त्यामुळे गोलफलकावर त्याचे नाव क्वचितच झळकते. भेके याला अपवाद ठरला. कोपऱ्यावरून आलेला चेंडू डोक्याने गोलात धाडण्याचे त्याचे कौशल्य अनेकदा निर्णायक ठरले. १७ मार्च २०१९ रोजी मुंबईत झालेल्या लीगच्या अंतिम सामन्यात त्याने जादा वेळेत, ११७ व्या मिनिटाला, एफसी गोवाविरुद्ध सामन्यातील एकमेव गोल केला व बंगळूरुस प्रथमच हे विजेतेपद मिळाले. २०२१ मध्ये तो मुंबई सिटी संघात आला. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाध येथे इराकच्या अल्-कुवा अल्-जाविया संघाविरुद्ध त्याच्याच गोलामुळे मुंबई सिटीने २–१ असा विजय मिळविला. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीतील भारतीय क्लबाचा हा पहिलाच विजय होय. मे २०२४ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली मुंबई सिटीने इंडियन सुपर लीगचा चषक जिंकला. त्यानंतर तो बंगळूरुकडे परतला.

राष्ट्रीय संघात मात्र त्याला उशिरा स्थान मिळाले. थायलंडमधील किंग्ज चषक स्पर्धेत जून २०१९ मध्ये क्युरासाओविरुद्ध तो प्रथम खेळला, तेव्हा त्याचे वय २८ वर्षांचे होते. २०२३ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेतील विजेत्या भारतीय संघात त्याचा समावेश होता. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी हैदराबाद येथे मलेशियाविरुद्ध बरोबरी साधून देणारा त्याचा गोल हा त्याचा पहिला आंतरराष्ट्रीय गोल होय. बचावपटूच्या खेळास अनुभवाने परिपक्वता येते व निवडीत केवळ कोवळ्या वयाचाच विचार पुरेसा नसतो, हे त्याच्या कारकीर्दीवरून दिसून येते.