सर्वांत खालची पट्टी वाजत नाही

पहाटे साडेपाच

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आलीय, भात कापणीला आलंय. खोलीत माइक लावून मी दोन मिनिटं नुसती शांतता रेकॉर्ड करतो. आज अकरा वाजता तारपा रेकॉर्ड करायचाय, त्याआधी खोली स्वतः किती बोलते ते कळायला हवं. पडद्यावर खालच्या बाजूला एक रेघ उभी आहे, 50 हर्ट्झवर. आपल्याकडची वीज सेकंदाला तेवढे हेलकावे घेते. सुरात सांगायचं तर खोल खर्जातल्या पांढरी पाचच्या केसभर वर. घराचं अर्थिंग जुनं आहे. लॅपटॉपचा चार्जर उपसला, रेघ नाहीशी झाली. म्हणजे आजचं काम बॅटरीवर.

खोली म्हणजे आमची बंद केलेली पडवी. भिंतींना गोधड्या आणि भाताची रिकामी पोती. आधी कुणीतरी सांगितलं म्हणून अंड्यांचे पुठ्ठे चिकटवले होते. ते उंदरांनी खाल्ले आणि आवाजात काडीचा फरक पडला नाही.

सात

पालघर-मनोर रस्ता जागा होतो. बोईसरला पहिल्या पाळीला जाणारी पोरं मोटारसायकलवर निघतात. आमच्या भागात एमआयडीसी हा शब्द मूल चालायच्या आधी शिकतं. त्यामुळे मी 'मिडी' म्हटलं की अर्ध्या गावाला वाटतं, मी तारापूरच्या कारखान्यांबद्दल बोलतोय. शेजारचे काका तर मला रोज विचारतात, "काय रे, तुझी एमआयडीसी सुटली का नाही अजून?"

काकांना मी एकदा नीट समजावलं होतं. मिडी म्हणजे आवाज नव्हे, निरोप. पट्टी दाबली की कीबोर्ड संगणकाला तीनच गोष्टी कळवतो: कुठल्या वाहिनीवर पट्टी दबली, कितव्या नंबरची आणि किती जोरात. नंबर 0 ते 127. मधली पांढरी एक म्हणजे 60. जोरही 127 पर्यंतच मोजायचा. हा करार 1983 सालचा. त्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका वाद्यप्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका वायरीने जोडले आणि एकावर वाजवलेलं दुसऱ्यावर वाजलं. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांना त्यासाठी 2013 मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळालं. काका सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे तारमास्तर." याहून चांगली व्याख्या मला अजून सुचलेली नाही.

साडेआठ

चहा-रोटी झाली. आता मांडामांड. माझ्याकडे दोन कीबोर्ड आहेत. एक 61 पट्ट्यांचा, वडिलांनी लग्नांत वाजवलेल्या कॅसिओची जागा त्याने घेतली. दुसरा 25 पट्ट्यांचा, जुना घेतलेला, खेळण्याएवढा. हा छोटा आमच्याकडे एक सूरही वाजवत नाही. तो नुसता बटणांचा डबा आहे.

ही अक्कल मला चुकांमधून आली. एकट्याने रेकॉर्डिंग करताना माणसाला तीन हात लागतात: एक वाद्यावर, एक माइकच्या दांड्यावर, एक माउसवर. रेकॉर्डिंगसाठी मी रीपर हा प्रोग्रॅम वापरतो. विनॅम्प ज्याने लिहिला त्याच जस्टिन फ्रँकेलने हाही सुरू केला. त्यात जवळजवळ प्रत्येक क्रियेला हवी ती कळ नेमून देता येते, संगणकाची किंवा मिडी कीबोर्डची. क्रियांची यादी उघडायची, क्रिया निवडायची, शॉर्टकट जोडा म्हणायचं आणि पट्टी दाबायची. झालं.

तेव्हा माझ्याकडे मोठाच कीबोर्ड होता. मी हौसेने त्याच्या सर्वांत खालच्या पट्टीला, 36 नंबरला, 'रेकॉर्ड' नेमलं. पुढचे दोन महिने माझ्या प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला एक 'धुंम्' ऐकू यायचं. पट्टी हुकूमही द्यायची आणि वाजायचीही. मी ते 'धुंम्' कापत बसायचो. उपाय सेटिंगमध्येच होता: मिडी उपकरणांच्या पानावर एखाद्या कीबोर्डचे निरोप फक्त हुकुमांसाठी घ्यायचे, सुरांसाठी नाहीत, असं सांगता येतं. त्यासाठी दुसरा कीबोर्ड घेतला. त्याची खालची पट्टी आता वाजत नाही. तिच्यावर बायकोचं लाल नेलपॉलिश आहे.

दुसरी चूक महागात पडली. रीपरमध्ये 'थांब' दोन प्रकारचं आहे. एक साधं. दुसरं म्हणजे थांब आणि आत्ता रेकॉर्ड केलेलं पुसून टाक. पटापट टेक घेताना हे दुसरं फार सोयीचं, म्हणून मी ते लाल पट्टीच्या शेजारीच ठेवलं होतं. मागच्या वर्षी अकरा मिनिटांचा तारपा सुंदर वाजून संपला आणि माझं बोट एक पट्टी घसरलं. कंट्रोल-झेडने सगळं परत येतं असं आपण समजतो. पुसलेली फाइल येत नाही. आता पुसायची पट्टी या कीबोर्डवर नाहीच. साधं थांबणं सर्वांत वरच्या, पंचविसाव्या पट्टीवर. लाल पट्टीपासून पुरती दोन सप्तकं लांब.

अकरा

तारपा वाजवणारे बाबा आले. खांद्यावर तारपा, सोबत नातू. तारप्याचं चित्र तुम्ही पाहिलेलं असतं. वारली चित्रांत मध्ये तारपेवाला आणि भोवती हात गुंफलेल्या नाचणाऱ्यांचा वेढा. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती चित्रं जगभर नेली. ऐकलेला मात्र तो थोड्यांनीच असतो. जव्हारच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्यासारखे वादक मंचावर गेले म्हणून शहरात थोडाफार पोचला. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा लांब कर्णा, सांधे मेणाचे. बाबा तो उन्हातून आडोशाने आणतात, मेण नरम पडतं म्हणून.

पहिल्या भेटीत मी त्यांना शहाण्यासारखं विचारलं होतं, "बाबा, पट्टी कुठली?" ते म्हणाले, "भोपळ्याची." बरोबरच होतं. ट्यूनर लावला तर आधारसूर पांढरी चार आणि काळी तीन यांच्या मधोमध कुठेतरी. माझ्या 61 पट्ट्यांत तो सूर नाही, 128 नंबरांतही नाही. भोपळा वाढतो तसा वाढतो, त्याला पेटीचं माप ठाऊक नसतं.

म्हणून आज माझा कीबोर्ड बाबांबरोबर वाजणार नाही. त्याने फक्त हुकूम पोचवायचेत, आणि तेही बाबांच्या नजरेत न येता. तारपा एकदा सुरू झाला की थांबत नाही. गाल फुगवून आतली हवा ढकलायची आणि त्याच वेळी नाकाने श्वास घ्यायचा. मध्येच मी उठलो, खुर्ची वाजली, पडद्याकडे वळलो, की बाबा समजतात काहीतरी बिघडलं, आणि सोडतात. छोटा कीबोर्ड मांडीवर घेऊन मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसतो. लाल पट्टी. सुरू.

चाल बदलली की मी लाल पट्टीच्या पुढची पट्टी दाबतो. पडद्यावर त्या जागी खूण पडते. नाचाच्या चाली वेगवेगळ्या, आणि कुठली कधी घ्यायची हे वाजवणारा ठरवतो. ऐकताना खूण पडली तर दुपारचे दोन तास वाचतात. सातव्या मिनिटाला नातू नाचायला लागला. त्याची पावलं माइकमध्ये आली. राहू दिली.

चौदा मिनिटं. वरची पट्टी. बाबांनी तोंड पुसलं आणि विचारलं, "घेतलंस?" मी आधी कंट्रोल-एस दाबलं, मग हो म्हणालो.

एक

जेवण. तांदळाची रोटी, सुकट, कांदा. बाबांनी दुसऱ्यांदा ऐकायला मागितलं. तेवढ्यात शेजारच्या शेतात मळणीयंत्र सुरू झालं. सकाळीच उरकलं ते बरं.

दोन ते पाच

या तीन तासांबद्दल सांगण्यासारखं कमी आहे, करण्यासारखं जास्त. डावा हात संगणकाच्या कळांवर, उजवा माउसवर. स्पेसने चालू-बंद, एस ने तुकडा, एम ने खूण. मराठी टायपिंगवरून आलात की बोटं गोंधळतात, आणि खिडकी देवनागरीवर राहिली असेल तर शॉर्टकट रुसून बसतात. तेव्हा आधी भाषा बदला. शॉर्टकट पाठ करायला बसू नका. ज्या कामासाठी दिवसात दहादा माउस सरकतो त्या एकाच कामाला कळ द्या, आठवडाभर वापरा, मग दुसरं घ्या. माझ्याकडे तीन वर्षांत अकरा कळा झाल्या. यादीत क्रिया हजारोंनी आहेत.

बाबांच्या तारप्यामागे एक संथ आधारसूर हवा असं मुंबईच्या एका नाटकवाल्या मित्राचं म्हणणं. कीबोर्डवरचा सूर घेतला आणि तो सेंटमध्ये खाली आणत तारप्याला मिळवला. शंभर सेंट म्हणजे एक पट्टी. तारप्याला ओढून पेटीच्या सुरात बसवायची सोयही याच सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिला मी कळ दिलेली नाही.

साडेपाच

बोईसरहून बेंजोवाली पोरं आली. पहिली पाळी सुटली की घरी जाऊन आंघोळ करून येतात. आमच्याकडे हळद असो की गणपती, बेंजो पार्टीशिवाय भागत नाही. या बेंजोची गंमत सांगायची राहूनच जाते. त्याचा पूर्वज जपानी ताइशोगोतो, 1912 सालचा. त्याच्या कळा टाइपरायटरवरून घेतल्या. म्हणजे संगणकाचा कीबोर्ड आणि हा बेंजो एकाच आजोबांचे नातू. माझा अनुभव असा, की पेटीवाल्याला शॉर्टकट शिकवायला महिना लागतो आणि बेंजोवाला तिसऱ्या दिवशी मला नवीन दाखवतो.

त्यांच्यातल्या पॅडवाल्याची तक्रार होती, "दादा, मारतो आत्ता, बोलतं मागनं." खरं होतं. दुपारच्या कामासाठी मी बफर, म्हणजे एका वेळी साठवून पुढे पाठवायचे नमुने, 1024 वर नेला होता. सेकंदाला 48,000 नमुने धरले तर तो 21 मिलिसेकंदांचा उशीर, म्हणजे सात मीटरवरच्या माणसाचं वाजवणं ऐकल्यासारखं. 128 वर आणला, उशीर तीनच्या आत आला. लॅपटॉपचा पंखा घोंगावायला लागला. एक घ्या, एक सोडा.

ढोलकीचा घुमारा मात्र अजून मनासारखा येत नाही. डाव्या हाताने पिच-बेंडचं चाक फिरवायचं, त्यात 16,384 पायऱ्या आहेत म्हणे, तरी चामड्यावर मनगट दाबल्यावर जे होतं ते होत नाही. पोरांनी ठरवलं, पुढच्या रविवारी खरी ढोलकी आणू. मी लगेच हो म्हणालो.

नऊ

सगळे गेले. छोट्या कीबोर्डवर फडकं टाकलं, कारण मुलगी सकाळी लाल पट्टी दाबायला धावते. दिवसाचं काम बाहेरच्या हार्ड डिस्कवर चढतंय. बेंजो पोरांच्या तीन गाण्यांतली माझी आणि पॅडवाल्याची सगळी मिडी मिळून 96 केबी भरली. बाबांचा चौदा मिनिटांचा तारपा, दोन माइकचा, 24 बिटचा: 242 एमबी.