खुद्री, नुक्ता आणि चक्क लॅटिन!

संडेला गाडी काढायची, पन्नासेक किलोमीटरवर पैठण, नाथसागराजवळ गरमागरम फ्राय मासे... प्लॅन ओळखीचा आहे ना? पण ताटातल्या माशाचं नाव कधी विचारलंय?

कर्नल डब्ल्यू. एच. साइक्सनं ते विचारलं होतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या या अधिकाऱ्यानं १८३९मध्ये दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं छापली आणि नावं दिली चक्क इथल्या बोलीतली! टोर खुद्री, गारा मुल्या, लॅबिओ बोगट. यातलं पहिलं नाव पुढे बदलत गेलं, मागचं मराठी मात्र आडनावासारखं चिकटलं. ‘नुक्ता’चं नाक तर खोल खाच पडलेलं, वाचतानाच ‘नकटा’ आठवतो ना?

हे काम तसं ग्लॅमरस नाही. परांचे काटे मोजा, खवल्यांची रांग मोजा, जुन्या नमुन्यांशी ताडून बघा. आता जोडीला डीएनए. पण म्हणूनच २०२०मध्ये आंबोलीच्या हिरण्यकेशीतून एक नवी जात जगासमोर आली, शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली.

आधी नाव, मग संरक्षण, असा हा हिशेब आहे. नाहीतर धरणं, प्रदूषण आणि मूळची आफ्रिकेची चिलापी यांच्या रेट्यात कोण संपलं, हे कळणारही नाही. नुक्ता तर आधीच धोक्यातल्या माशांच्या यादीत आहे.

तेव्हा पुढच्या संडेला ऑर्डर देण्याआधी जाळं टाकणाऱ्या मामांना एवढंच विचारा, ‘मामा, याला तुमच्यात काय म्हणतात?’